पॉट रोस्ट: वैलावर ठेवायचा पदार्थ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे आला आहात. पुढच्या रविवारी सुनेचे आईवडील जेवायला येणार आहेत. ते अमेरिकन, आणि सुनेच्या माहेरी रविवारच्या दुपारी पॉट रोस्ट ठरलेला, म्हणजे गोमांसाचा अख्खा तुकडा झाकणाच्या भांड्यात थोड्या रसात सावकाश शिजवलेला. म्हणून रंगीत तालीम करायला तुम्ही तीन पौंडांचा ‘रम्प रोस्ट’ आणलात, तो बुडेल इतकं पाणी घातलंत, गाजर-बटाटे सुरुवातीलाच टाकलेत आणि झाकण लावून ३५० अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये पावणेदोन तास ठेवलंत. थर्मामीटरने १६५ दाखवल्यावर बाहेर काढलंत. बटाट्यांचा लगदा झाला आणि मांस मात्र चामट, वर कोरडं. आता तुम्ही विचारताय, ‘जास्त शिजलं का? भरपूर पाणी घातलं तरी कोरडं कसं? पुढच्या वेळी तासाभरातच काढू का?’

नाही. तासाभरात काढलंत तर याहून चामट लागेल. तुमचं मांस जास्त शिजलं नव्हतं, ते अर्ध्या वाटेवर होतं. पॉट रोस्ट शिकणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती इथेच फसते, कारण कोरडं लागलं की ‘जास्त झालं’ असं वाटणं स्वाभाविक आहे. मीसुद्धा इथेच फसले होते, आणि तेही चाळीस पौंड मांस घेऊन.

ओहायोतल्या एका वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात मी १९ वर्षं काम करते आहे. त्याआधी दादरला एका खाणावळीत सात वर्षं होते, त्यामुळे मटणाला माझा हात बसलेला होता. पण तिथे मटण म्हणजे तुकडे. अख्खा दोन-दोन किलोंचा गोळा मी कधी शिजवलेला नव्हता. इथे रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात रविवारचा पॉट रोस्ट माझ्याकडे आला. दोन तासांनी सुरी खुपसून पाहिली तर कडक लागली. मी घाबरले, हाताबाहेर गेलं असं समजून सगळे तुकडे काढले, पातळ काप केले आणि वाढून मोकळी झाले. ताटं परत आली तेव्हा बटाटे संपलेले, रस पावाने पुसून घेतलेला, आणि कागदी रुमालाखाली चघळून बाजूला काढलेल्या मांसाचे गोळे झाकून ठेवलेले. ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं ती, निम्म्यांना कवळ्या. तक्रार एकानेही केली नाही. एकेक रुमाल उचलताना मला रडू येत होतं.

एक तुकडा न कापलेला उरला होता. तो मी रसात परत टाकला, झाकण लावून ओव्हनमध्ये सारला आणि भांडी घासायला घेतली. दोन तासांनी पाहिलं तर तोच तुकडा चमच्याच्या दाबाने तुटत होता. मला पॉट रोस्ट त्या तुकड्याने शिकवला. तुमचा परवाचा तुकडासुद्धा परत भांड्यात गेला असता तर बराच सुधारला असता, हे आधी लक्षात ठेवा. रविवारी पाहुणे बसलेले असताना चामट निघालाच, तर तो टाकायचा नसतो, परत आत ठेवायचा असतो.

आता असं का होतं ते. मांसात धागे असतात आणि त्या धाग्यांच्या जुड्या बांधून ठेवणारी पांढुरकी, चिवट जाळी असते. ही जाळी कोलॅजेनची. जनावराचा जो भाग जास्त राबतो, म्हणजे खांदा, मान, पाय, तिथे ही जाळी जास्त. मांस तापायला लागलं की धागे ६० अंश सेल्सियसच्या आसपास आक्रसू लागतात आणि ओला पंचा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर टाकतात. जाळी मात्र तेव्हा शाबूतच असते. ती विरघळायला ७० अंशांच्या पुढे सुरुवात होते आणि तीही अगदी सावकाश. म्हणजे ६५ ते ७५ या टप्प्यात मांसाची सगळ्यात वाईट अवस्था असते: पाणी गेलेलं, जाळी शाबूत. तुमचे १६५ फॅरनहाइट म्हणजे ७४ सेल्सियस. त्या वाईट टप्प्यावर तुम्ही भांडं उतरवलंत.

तिथून पुढे आतलं तापमान ८५, ९० करत ९३ ते ९६ सेल्सियसपर्यंत, म्हणजे २०० ते २०५ फॅरनहाइटपर्यंत गेलं आणि तिथे थोडं रेंगाळलं, की जाळीचं जिलेटिन होतं. जिलेटिन तुम्हाला परकं नाही. पायाचं सूप प्यायल्यावर ओठाला ओठ चिकटतात ना, ते जिलेटिन. ते धाग्यांमध्ये पसरतं आणि मांस रसाळ लागतं. पाणी परत आत जात नाही, गेलेलं पाणी गेलंच. कच्चा दीड किलोचा तुकडा शिजून किलोभर उरतो, तरी तो जिभेला ओला लागतो तो या चिकट रसामुळे. म्हणून ‘भरपूर पाणी घातलं तरी कोरडं कसं’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की बाहेरच्या पाण्याचा आतल्या ओलाव्याशी संबंध फार थोडा.

१६५ हा आकडा कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. इथल्या थर्मामीटरच्या पाकिटावर तो छापलेला असतो, पण तो कोंबडीचा, आणि तोही खाण्याला सुरक्षित झाल्याचा. सुरक्षित होणं वेगळं, मऊ होणं वेगळं. पॉट रोस्ट सुरक्षित केव्हाच झालेला असतो, मऊ व्हायला त्यानंतर दोन तास लागतात.

माझ्या सातारच्या आजीकडे चूल होती आणि चुलीला वैल. पुढच्या तोंडावर जाळ, त्यावर भाकरीचा तवा. वैलाला थेट जाळ नाही, चुलीतून येणारी नुसती धग. मटणाला आधी पुढे उकळी आणायची आणि मग पातेलं वैलावर सरकवायची. तिथे ते भाकऱ्या होईपर्यंत, आणि जाळ ओढून घेतल्यावरही पुष्कळ वेळ, मुरत राहायचं. झाकणाला कान लावला तर फक्त अधूनमधून एखादा बुडबुडा फुटल्याचा आवाज. इथे ओव्हनसमोर उभं राहून मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा मनात हाच वैल असतो. पॉट रोस्टमधला ‘रोस्ट’ हा शब्द दिशाभूल करतो, कारण यात भाजणं सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं, बाकी सगळं वैलावरचं काम.

आणि हे शहाणपण जगभर आहे. इथे घरोघरी दिसणारा विजेचा स्लो कुकर शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांनी काढला, १९४० साली त्याचं पेटंट मिळालं आणि १९७१ मध्ये तो क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आला. त्यांना ते सुचलं आईने सांगितलेल्या आठवणीवरून. लिथुआनियातल्या ज्यू वस्तीत सब्बाथच्या, म्हणजे कामं बंद ठेवायच्या साप्ताहिक पवित्र दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी मांस-कडधान्याची भांडी गावातल्या बेकरीच्या विझत आलेल्या भट्टीत ठेवत आणि दुसऱ्या दिवशी काढत. वैलच तो, फक्त गावाचा.

आता रविवारकडे येऊ. सगळ्यात मोठा फरक मांस कुठल्या भागाचं आणता यावर पडतो. रम्प आणि राउंड ही नावं जनावराच्या मागच्या भागाची. तिथे चरबी कमी आणि जाळीही खांद्याच्या मानाने कमी, म्हणून कितीही निगुतीने शिजवलं तरी ते काहीसं भुसभुशीत, कोरडं लागतं. विरघळायला आत काही नसेल तर मऊपणा येणार कुठून? ‘आय ऑफ राउंड’ तर दिसायला इतका सुरेख दंडगोल असतो की नवीन माणूस हमखास तोच उचलतो. तुम्ही ‘चक रोस्ट’ मागा. तो खांद्याचा भाग. त्यातही पाकिटं उलटून पाहा: लाल मांसातून पांढऱ्या चरबीच्या बारीक रेषा सगळीकडे पसरलेल्या हव्यात, नुसता कडेला जाड थर असून उपयोग नाही. दिसायला तो वेडावाकडा असतो, तसाच घ्या. सहा माणसांना चार पौंड पुरतो. स्वस्त आणि महाग यात इथे उलटा हिशेब आहे. महागातलं कोवळं, निबर नसलेलं मांस या पदार्थात वाया जातं.

मीठ आदल्या दिवशी लावा. किलोला १२ ग्रॅम, म्हणजे चार पौंडांना साधारण २२ ग्रॅम. सगळीकडून चोळून, न झाकता फ्रीजमध्ये ठेवून द्या. मीठ हळूहळू आत शिरतं, आणि वरचा पृष्ठभाग कोरडा होतो, त्याचा उपयोग पुढच्या पायरीला होतो.

रविवारी (खरं म्हणजे शनिवारी, ते शेवटी सांगते) मांस पुसून कोरडं करा, मिरपूड लावा. जाड बुडाचं भांडं चांगलं तापवा, दोन चमचे तेल, आणि तुकडा ठेवा. ठेवला की हात लावायचा नाही. चार-पाच मिनिटांनी तो आपणहून सुटतो, आधी ओढलात तर बुडाला चिकटून फाटतो. रंग कुठला हवा? भाकरीवर पडलेल्या डागांपेक्षा गडद, करपलेल्या कांद्यापेक्षा फिका. सगळ्या बाजू अशा करायला पंधरा मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात. अनेकांना वाटतं की यामुळे रस आत कोंडला जातो. ही समजूत युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ च्या सुमारास मांडल्यामुळे पसरली आणि ती चूक आहे. तांबूस केलेल्या मांसातूनही पाणी तेवढंच जातं. हे करायचं ते चवीसाठी. १४० सेल्सियसच्या वर मांसाच्या पृष्ठभागावर जी खमंग चव तयार होते, ती नंतर रसात कितीही तास ठेवून येत नाही, कारण रस शंभराच्या वर तापतच नाही.

मांस बाजूला काढलं की भांड्याच्या बुडाला खरवड दिसेल. बासुंदीची खरवड आपण भांडून खातो, ही त्याच तोलामोलाची. ती घासून टाकू नका. त्यातच दोन मोठे कांदे जाडसर चिरून घाला, कांद्याच्या पाण्याने ती सुटायला लागते. कांदा गुलाबी झाला की पाच-सहा लसणाच्या पाकळ्या आणि मोठा चमचाभर टोमॅटो पेस्ट. पेस्ट लाल असते ती विटकरी होईपर्यंत परता, कच्ची राहिली तर रस आंबूस लागतो. मग द्रव घाला आणि लाकडी उलथन्याने बूड खरवडून सगळं त्या रसात मिसळून घ्या.

द्रव किती? तुमची इथे दुसरी चूक झाली. मांस बुडवायचं नाही. तिसरा हिस्सा, फार तर अर्धा बुडेल इतकंच. साधारण दोन कप. मांस स्वतः भरपूर पाणी सोडतं, शेवटी तुम्हालाच आश्चर्य वाटेल इतका रस होतो. जास्त पाणी घातलं की रस पातळ होतो आणि चव त्यात विरून जाते. इथे बहुतेक जण अर्धी रेड वाइन, अर्धा स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) घालतात. तुम्हाला वाइन नको असेल तर नुसता स्टॉक आणि चमचाभर व्हिनेगर. काही बिघडत नाही. सोबत थाइमच्या दोन-तीन काड्या आणि इथलं बे लीफ. मुलाच्या घरी देशी दुकानातलं तमालपत्र असेल, पण ते वेगळ्या झाडाचं, दालचिनीच्या जातकुळीतलं, त्याचा वास वेगळ्या दिशेला जातो. मला वैयक्तिक तो आवडतो. पण सुनेच्या आईवडिलांना त्यांच्या घरची चव द्यायची असेल तर बे लीफच घ्या.

भांड्याबद्दल एक सांगते. मुलाकडे जड, आतून-बाहेरून मुलामा दिलेलं बिडाचं भांडं, ज्याला इथे डच ओव्हन म्हणतात, ते असेल तर उत्तम. उघडं, मुलामा नसलेलं बिडाचं असेल तर टोमॅटो आणि वाइन चार तास त्यात ठेवू नका, लोखंडी चव उतरते. त्यापेक्षा जाड बुडाचं स्टीलचं चांगलं. झाकण सैल बसत असेल तर खाली ॲल्युमिनियम फॉइल लावा. कणकेने लिंपू नका, कारण मध्ये उघडून बघायचं आहे.

गॅसवर एक उकळी आणा आणि झाकण लावून भांडं २७५ फॅरनहाइटच्या, म्हणजे १३५ सेल्सियसच्या ओव्हनमध्ये ठेवा. तुमचे ३५० जास्त होते. तेवढ्या आचेवर आतला रस खदखदतो आणि मांस कडेने दोऱ्या-दोऱ्यांसारखं सुटतं, आत मात्र घट्टच. अर्ध्या तासाने एकदा झाकण उचलून बघा: कुठेतरी कडेला एक-दोन बुडबुडे येताहेत, बाकी पृष्ठभाग शांत, असं हवं. रटरटत असेल तर आच २५ अंशांनी उतरवा. गॅसवर ठेवूनही करता येतं, पण तिथे धग फक्त खालून, बूड लागण्याची भीती आणि तुकडा दर तासाला उलटायचं काम. ओव्हनमध्ये चारी बाजूंनी धग मिळते, एकदा उलटलं की पुरे.

वेळ साडेतीन ते चार तास. पण हा अंदाज आहे, घड्याळ पाहून उतरवायचं नाही. तीन तासांनी जेवणाचा काटा मांसात जाड भागात खुपसा आणि पिळल्यासारखा फिरवा. अडखळला, सगळा तुकडाच सोबत फिरला, तर झाकण लावा आणि अर्धा तास विसरून जा. काटा लोण्यात फिरावा तसा फिरला आणि धागे आपोआप सुटले, की झालं. थर्मामीटर तेव्हा २०० च्या पुढे असेल, पण आकडा आणि काटा यांचं पटलं नाही तर काट्याचं ऐका. एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले दोन तुकडे माझ्याकडे अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने शिजले आहेत. आमच्या निवासात एक आजी होत्या, त्यांच्या हाताला कंप होता, सुरी धरता येत नसे. मी त्यांचं ताट डोळ्यांसमोर ठेवून काटा फिरवायचे. त्यांना सुरीशिवाय खाता येईल का, एवढीच परीक्षा.

यालाही एक शेवट आहे, तेवढं ध्यानात घ्या. मऊ झाल्यावरही दोन-दोन तास ठेवून दिलात तर धागे पार सुटतात आणि तोंडात कापसासारखे लागतात.

आता भाज्या. मांसाला चार तास, बटाट्याला तासभर. दोघं एकदम टाकले तर बटाट्याचा लगदा होणारच. गाजरं दोन इंचांचे जाड तुकडे करून आणि बटाटे मोठे ठेवून शेवटच्या सव्वा तासात घाला. एक गोष्ट आपल्या बायकांना समजावून सांगावी लागत नाही: चिंच आधी घातली की डाळ शिजत नाही. तोच नियम इथे. रसात टोमॅटो आणि वाइनचा आंबटपणा आहे, त्यात भाज्या मऊ व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतात. म्हणून ‘अर्ध्या तासात होतील’ असं समजू नका. बटाटे इथले तांबड्या सालीचे किंवा पिवळसर युकॉन गोल्ड घ्या. रसेट फुटतात.

कुकरचं विचाराल म्हणून सांगते. कुकरमध्ये आत १२० सेल्सियसच्या आसपास तापमान जातं, त्यामुळे चार तासांचं काम तास-सव्वा तासात होतं. मांस तांबूस करणं तिथेही चुकवायचं नाही. शिट्ट्या मोजू नका. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटं मोजा. तीन-चार पौंडांच्या अख्ख्या तुकड्याला ६० ते ७५. आणि वाफ ओढून काढू नका, आपोआप जाऊ द्या. दाब एकदम उतरला की मांसाच्या आतलं पाणी उसळून उकळतं आणि बाहेर पडतं, मग सगळी मेहनत फुकट. चवीत मी ओव्हनला दहा दिले तर कुकरला सात देईन. स्लो कुकरला आठ, पण त्यात भाज्या तळाला आणि द्रव जेमतेम एक कप, कारण वाफ बाहेर जातच नाही.

तुम्ही शेवटी कच्च्या पपईचं विचारलंत. नको. पपईचं एन्झाइम वरवरच्या थरात काम करतं. खिम्याच्या कबाबाला, पातळ कापांना ती ठीक. चार पौंडांच्या गोळ्याला लावलीत तर बाहेरचा पाव इंच पिठूळ होतो आणि मधलं जिथल्या तिथे. जिथे चार तासांची धग आहे तिथे पपईची गरजही नाही.

गावी परत गेल्यावर करायचं म्हणालात. महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे तिथे हा पदार्थ बोकडाचा करायचा, आणि मला विचाराल तर तो अजिबात कमी नाही. राण सगळे मागतात, तुम्ही पुढचा अख्खा खांदा मागा, हाडासकट. मटणवाल्याचा हात सवयीने कोयत्याकडे जातो, म्हणून पैसे देण्याआधीच ‘तुकडे करू नका, अख्खा द्या’ असं सांगायचं. मी मागच्या दिवाळीत पुण्याला भावाकडे केला तेव्हा बोलता बोलता दोन घाव पडलेच होते, मग सुती दोऱ्याने बांधून घेतला. एक-सव्वा किलोच्या खांद्याला दीड कप पाणी, आच तीच, वेळ अडीच तास. बोकड जून असेल तर तीन. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं, त्याखाली तवा, गॅस अगदी बारीक, दर पाऊण तासाने उलटायचं. रोझमेरी-थाइमच्या मागे लागू नका. कांदा, लसूण, आल्याचा तुकडा, मिरी, दोन लवंगा, एवढ्यावर मटणाचा स्वतःचा वास वर येतो. आणि रस ज्वारीच्या भाकरीबरोबर. भावाच्या घरी त्या दिवशी भाकऱ्या कमी पडल्या.

आता शनिवारची गोष्ट. पाहुणे रविवारी दुपारी एकला येणार असतील तर सकाळी सातला उठून हे करू नका. शनिवारी शिजवा, फक्त गाजर-बटाटे घालू नका. शिजल्यावर मांस त्याच रसात ठेवून निववा, पण दोन तासांच्या वर बाहेर राहू देऊ नका. मांसासकट रस उथळ भांड्यात काढलात तर लवकर निवतो. रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की सकाळी वर चरबीची पांढरी खपली आलेली असेल, ती चमच्याने उचलून काढा. खाली रस थिजून थरथरता झालेला दिसेल. तो थरथरला तर समजा, जाळी नीट विरघळली आहे. सुनेला तो दाखवा, तिला माहेरचा आठवेल.

थंड तुकडा कापायलाही सोपा. मांसाचे धागे कुठल्या दिशेला जातात ते निरखा आणि त्याला आडवी सुरी धरून बोटभर जाडीचे काप करा. धाग्याच्या दिशेने कापलंत तर प्रत्येक घासात लांब दोरा येतो, मग तुकडा कितीही मऊ असो. चकमध्ये धाग्यांची दिशा मध्येच बदलते, तिथे तुकडा वळवून घ्यायचा. काप उथळ भांड्यात रचा, रस पातळ करून वर ओता, झाकण लावून ३०० फॅरनहाइटला चाळीस मिनिटं. गाजर-बटाटे शेजारी थोड्या रसात वेगळे शिजवा.

रस दाट हवा असेल तर इथे मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावतात. चमचाभर कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून उकळत्या रसात घाला, मिनिटभरात दाटतो. मी स्वतः भांड्यातला शिजलेला कांदाच रवीने घुसळून रसात मिसळते. त्याने दाटपणाही येतो आणि चवही. मीठ याच टप्प्यावर चाखायचं, आधी नाही, कारण आटताना खारटपणा वाढत जातो. थोडं बोथट लागलं तर अर्धा चमचा व्हिनेगर. मीठ लगेच वाढवू नका, बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो आंबटपणा.

एक राहिलं. शनिवारी काटा फिरवून बघायला सुनेलाही बोलवा. तिच्या आईच्या हातचा किती मऊ असायचा, हे तिच्या हाताला माझ्या आकड्यांपेक्षा जास्त ठाऊक असेल.